डाव्या कोपऱ्यावर कोण होतं?

डिसेंबर उजाडला की पेणच्या आसपासच्या शेतांत भाताची झोडणी आटोपलेली असते. पेंढ्याच्या उडव्या रचल्या जातात, वाल वर येऊ लागतो आणि गावाजवळचा एखादा सपाट तुकडा कबड्डीसाठी तयार होतो. धसकटं खणून काढायची, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा. फक्कीच्या रेषा पडतात, बांबूंवर हॅलोजन चढतात आणि सामने मध्यरात्र उलटेपर्यंत चालतात. पुढे वालाला शेंगा धरल्या की सामना नसलेल्या रात्री पोपटी लागते. भांबुर्ड्याच्या पाल्यात शेंगा, अंडी, कोंबडीचे तुकडे भरून मडकं उलटं ठेवायचं, भोवती जाळ करायचा आणि वास सुटेपर्यंत वाद घालायचा. वाद दरवर्षीचाच. आजवरचा सगळ्यात चांगला डावा कोपरा कोण?

कोपरा म्हणजे कोपरारक्षक. सात जणांच्या फळीच्या दोन टोकांना उभे असतात ते दोघे. चढाई करणाऱ्याच्या घोट्यावर पहिली झेप बहुधा त्यांचीच असते. झेप फसली तर पहिले बादही तेच होतात.

माझं घर पेणचं, आजोळ रोह्याचं. चार मोसम मी स्वतः डाव्या कोपऱ्यावर खेळलो आणि नंतर तीस वर्षांहून जास्त काळ गुणलेखक म्हणून टेबलाशी बसलो. या वादात माझा आवाज कायम मोठा असे. तो हळूहळू खाली कसा आला, ते सांगतो.

१. आपण दहाव्या-बाराव्या वर्षी ज्याला खेळताना पाहतो, तो आपल्यासाठी जन्मभर सगळ्यात मोठा खेळाडू राहतो. माझ्यासाठी तो माझा मामा. १९७० नंतरच्या त्या हिवाळ्यांत तो रोह्याच्या बाजूने डाव्या कोपऱ्यावर उभा राहायचा, आणि मी दोरीच्या अलीकडे मांडी घालून बसलेला असायचो. माझ्या आठवणीत तो दरवाजाला डोकं लागेल एवढा उंच आहे. पुढे कॉलेजात गेल्यावर एकदा त्याच्या शेजारी उभा राहिलो, तेव्हा तो माझ्या खांद्याच्या थोडा वर भरला. तो पूर्वीही तेवढाच होता. मी जमिनीवर बसून पाहत होतो, एवढंच. एका पोपटीला मी मुद्दाम प्रत्येकाला आधी त्याचं जन्मसाल विचारलं आणि मग त्याचा आवडता कोपरा. साठीतले लोक गावातल्या जुन्या खेळाडूंची नावं घेत होते, चाळिशीतले पुढच्या पिढीतली, आणि विशीतली मुलं सुरेंदर नाडा, गिरीश एर्नाक, फझल अत्राचली. नाव ऐकून वय सांगता यावं इतकं ते नेमकं जुळत होतं. आम्ही खेळाडूंची तुलना करतोय असं आम्हाला वाटत होतं. खरं तर प्रत्येक जण आपण लहान असतानाच्या एका हिवाळ्याची बाजू मांडत होता. त्यात काही वाईट नाही. पण त्या रात्रीपासून मी 'आमच्या वेळी' हे शब्द जरा जपून वापरतो.

२. माती आणि मॅट यांची तुलना मी मॅटवर पाय न ठेवताच वीस वर्षं केली. मातीवरच्या खेळात मैदान हा आठवा रक्षक असतो. खाडीकडच्या गावांतली जमीन वेगळी, रोह्याकडे डोंगराच्या पायथ्याची वेगळी. पाणी किती वाजता मारलं, यावर पायाची पकड ठरायची. मामा सामन्याआधी अनवाणी सगळं अंगण फिरून यायचा. कुठे माती भुसभुशीत आहे, कुठे खडा राहिलाय, हे त्याच्या तळव्यांना ठाऊक असायचं. चढाईवाल्याला तो बरोबर त्या भुसभुशीत जागेकडे सरकवायचा. मॅटवर यातलं काहीच नाही. १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद, सगळीकडे सारखं. म्हणून मी म्हणायचो, गादीवर पडायला काय लागतं? पन्नाशी उलटल्यावर एका शिबिरात मुलांनी मला बूट घालून मॅटवर उभं केलं आणि एका सोळा वर्षांच्या पोराला चढाईला पाठवलं. त्याचा पाय माझ्यासमोर आला, मी वाकलो आणि तोवर तो पाय मध्यरेषेकडे निघूनही गेला होता. मातीवर चढाईवाला वळताना किंचित घसरतो, आणि त्या घसरण्यात कोपऱ्याला अर्धा श्वास मिळतो. मॅटवर त्याचे बूट रुततात, तो जागच्या जागी फिरतो, आणि तो अर्धा श्वास संपून गेलेला असतो. आजचा कोपरा तेवढा वेळ न मिळताही घोटा धरतो. मामाला मैदान वाचता यायचं. या मुलांना पाय निघण्याआधी माणूस वाचावा लागतो. दोन्ही विद्याच. मला मात्र त्यातली एकच दिसत होती.

३. नियम बदलतात तेव्हा चांगल्या खेळाडूची व्याख्या गुपचूप बदलते. पूर्वी चढाई किती वेळ चालणार, हे छातीतल्या दमावर ठरायचं. लांब दमाचा चढाईवाला फळीला झुलवत ठेवायचा, आणि चांगला कोपरा म्हणजे न चिडता उभा राहणारा कोपरा. आता चढाईला ३० सेकंद. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायचाच, नाहीतर बाद. त्यामुळे कोपऱ्याला ठाऊक असतं की या तिसऱ्या वेळी समोरचा येणारच, त्याला यावंच लागेल. वाट पाहणं तेच, पण पूर्वी त्या वाटेला शेवट नव्हता, आता घड्याळ आहे. बोनसचंही तसंच. समोर सहा किंवा जास्त रक्षक असताना चढाईवाला बोनस रेषेपलीकडे पाय टाकतो, तो बहुतेक वेळा कोपऱ्याच्या बाजूनेच, आणि नेमका तोच पाय कोपऱ्याचं सावज होतो. सगळ्यात मोठा फरक पडला तो अव्वल पकडीने. तीन किंवा कमी रक्षक उरलेले असताना पकड केली की एक गुण जास्त मिळतो. आमच्या वेळी दोन-तीन जण उरले म्हणजे लोण, सगळा संघ बाद, ठरलेला. माणसं मान खाली घालून उभी राहायची. आता त्याच अवस्थेत कोपऱ्याचे डोळे चमकलेले मी टेबलावरून पाहिले आहेत. हरण्याच्या कडेवर उभं राहून हल्ला करायची हिंमत या मुलांत उपजत आहे, असं मी समजत होतो. त्या हिंमतीला नियमाने जागा करून दिली, हे नंतर लक्षात आलं. मामाला ती जागा मिळाली असती तर त्याने काय केलं असतं, हा प्रश्न तेव्हापासून माझी पाठ सोडत नाही.

४. मी आयुष्यभर ज्या वहीवर विश्वास ठेवला, तिला माझ्या प्रश्नाचं उत्तर ठाऊकच नव्हतं. जुन्या सामन्यांच्या बऱ्याच वह्या नागोठण्याच्या एका मित्राकडे होत्या. १९८९ च्या जुलैत अंबा नदीला जो पूर आला, त्यात त्या गेल्या. कित्येक वर्षं मला वाटत होतं की त्या असत्या तर मामाचं मोठेपण कागदावर दाखवता आलं असतं. मग एकदा मी माझ्याच वह्या काढून बसलो. संघाचा गुण झाला की आम्ही आकड्यावर काट मारत होतो. चढाईवाला बाद झाला की त्याचा क्रमांक लिहीत होतो. त्याला धरला कोणी, घोट्यावर आधी कोण झेपावलं, कंबरेला मागून कोण आलं, यासाठी रकानाच नव्हता. पकड संघाच्या नावावर जमा. प्रो कबड्डी २०१४ साली सुरू झाली तेव्हा पडद्यावर प्रत्येक रक्षकाच्या नावापुढे पकडीचे गुण दिसायला लागले. २०१८ च्या मोसमात नितेश कुमारने उजव्या कोपऱ्यावरून पकडीचे १०० गुण घेतले. एका मोसमात तिथवर पोहोचलेला तो पहिलाच. पोपटीला मुलं हा आकडा माझ्यापुढे ठेवायची. माझ्याकडे ठेवायला काहीच नसायचं. ज्याचा हिशेब ठेवला गेला तो मोठा आणि ज्याचा ठेवला नाही तो लहान, हे मी मनातल्या मनात मान्य करूनही टाकलं होतं. हिशेब ठेवणारा मीच होतो, हे सोयीस्करपणे विसरून.

५. हा वाद फक्त आपल्या खळ्यावर चालतो असं मला वाटायचं. तो बर्फावरही चालतो. माझा पुतण्या टोरांटोत असतो. एका जानेवारीत तो आला आणि पोपटीला आमचं सगळं ऐकून म्हणाला, "काका, आमच्याकडे हेच आइस हॉकीच्या विंगरांवरून चालतं." विंगर म्हणजे पुढच्या फळीत मधल्या खेळाडूच्या डाव्या-उजव्या बाजूला असणारे दोघे. तेही कडेचे, आमच्या कोपऱ्यांसारखे. मॉरिस रिशारने १९४४-४५ मध्ये ५० सामन्यांत ५० गोल केले. पण तेव्हा महायुद्ध चालू होतं आणि कितीतरी चांगले खेळाडू सैन्यात गेले होते, मग ते ५० कसे मोजायचे? गॉर्डी हाऊ १९४६ साली एनएचएलमध्ये उतरला आणि तिथे ८०१ गोल करून गेला. त्याच्या उमेदीच्या काळात लीगमध्ये फक्त सहा संघ होते, आता ३२ आहेत. गोलरक्षक तोंडावर मुखवटा नियमितपणे घालू लागले तेच मुळी १९५९ मध्ये जाक प्लांतने सुरुवात केल्यानंतर. आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये अलेक्झांडर ओवेचकिनने ८९५ वा गोल करून वेन ग्रेट्झ्कीचा विक्रम मोडला. मी विचारलं, मग तिकडचे लोक ठरवतात कसं? तो म्हणाला, त्या वर्षी एकूण लीगमध्ये किती गोल होत होते ते पाहतात, आणि त्या मापाने प्रत्येकाचे गोल कमी-जास्त करून घेतात. माणसाला आधी त्याच्याच काळातल्या लोकांशेजारी उभा करायचा, मग दुसऱ्या काळाकडे न्यायचा. मला ते फार पटलं. पण बोलता बोलता तो एक वाक्य असं बोलून गेला की ते माझ्याकडेच राहिलं: "काका, गोल मोजता येतो. विंगरने मागे धावत येऊन जो गोल होऊ दिला नाही, तो कुठे लिहायचा, हे अजून कोणाला नीट जमलेलं नाही." आमचा कोपरा तर सगळा तिथेच जगतो.

६. जुन्या खेळाडूंची गरिबी हा त्यांचा गुण नव्हता, हे मला मामानेच शिकवलं. मामा परळच्या एका गिरणीत होता. रात्रपाळी करून सकाळी सराव करायचा. दसऱ्याला धावीर महाराजांच्या पालखीला रोह्याला यायचा, आणि नंतर हिवाळ्यात रजा जुळली की सामन्यांना. १९८२ च्या जानेवारीत गिरणी संप झाला आणि तो गावी आला तो कायमचाच. पुढे धाटावच्या औद्योगिक वसाहतीत त्याला काम मिळालं. तोवर दोन-तीन वर्षं गेली होती आणि गुडघाही. २०१८ च्या लिलावात यू मुंबाने फझलला एक कोटीला घेतलं, त्या रात्री मी मामाला फोन करून मोठ्या तावातावाने म्हणालो, "मामा, तुम्ही लोक प्रेमापोटी खेळलात रे. यांना काय, पैसा दिसतो." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मला कोणी विचारलं असतं तर मी पैसे घेतले नसते काय? गुडघा तेव्हा दाखवायला डॉक्टर पाहिजे होता. ज्याला आता डॉक्टर आहे तो पोरगा अजून दहा वर्षं खेळेल. चांगलंच आहे ना?" त्याच्या आवाजात कडवटपणा नव्हता, म्हणूनच मला बोलता आलं नाही. त्याचे हाल मी माझ्या वादासाठी दागिन्यासारखे वापरत होतो. पुनेरी पलटणने २०२३ मध्ये मोहम्मदरझा शादलुईला २ कोटी ३५ लाखांना घेतलं आणि त्या मोसमात ते जिंकले, तेव्हा मामा नव्हता. असता तर त्याने आधी विचारलं असतं, पोराचे गुडघे कसे आहेत.

७. इतक्या वर्षांच्या वादात आम्ही एकाही मुलीचं नाव घेतलं नव्हतं, आणि हे आम्हाला कोणी दाखवून दिलंही नव्हतं. दाखवलं मामेबहिणीने. मामाच्या दिवसांना आम्ही रोह्याला जमलो होतो. पुरुष मंडळी ओटीवर बसून नेहमीच्या विषयावर आली. ती चहाचे कप घेऊन आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "दादा, डाव्या कोपऱ्यावर मीपण खेळलेय. तुझ्या वहीत आहे का?" ती शाळेत आणि नंतर तीन मोसम गावच्या संघातून खेळली होती. लग्न झालं आणि खेळ थांबला. मामाने तिला काही शिकवलं नव्हतं. ती अंगणात त्याला मुलांना शिकवताना पाहायची आणि मागच्या दारी आंब्याच्या खुंटाला घोटा समजून सराव करायची. मला शरम वाटली ती एवढ्यासाठी की मी अज्ञानी नव्हतो. शकुंतला खटावकरांना १९७८ चा अर्जुन पुरस्कार मिळाला, हे मला पाठ होतं. २०१२ साली पाटण्यात भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला आणि त्या संघात आपल्या दीपिका जोसेफ, अभिलाषा म्हात्रे, सुवर्णा बारटक्के होत्या, हे मी लोकांना सांगत असे. महिलांचं मैदान १२ बाय ८ मीटरचं, म्हणजे कोपऱ्याला सावरायला जागा आणखी कमी, हेही मला ठाऊक. माहिती सगळी होती. 'सगळ्यात चांगला कोपरा' म्हणताना ती कधी डोक्यात आलीच नव्हती. काळाकाळांतली तुलना करणाऱ्याने आधी बघावं की आपण एकाच काळातले निम्मे लोक तर बाहेर ठेवले नाहीत ना. तिच्या प्रश्नाचं उत्तर मी त्या दिवशी खरं दिलं. म्हणालो, "नाहीये."

८. कोपऱ्याचा खरा साक्षीदार त्याच्या संघातला माणूस नसतो, त्याच्यावर चढाई करणारा असतो. हे कळायला मला पेणातल्याच एका गणपतीच्या कारखान्यात जावं लागलं, घरापासून दहा मिनिटांवर. तिथे डोळ्यांची आखणी करणारे एक म्हातारे गृहस्थ आहेत. एके काळी ते पेणच्या बाजूचे नावाजलेले चढाईवाले होते आणि मामाच्या संघाविरुद्ध कितीतरी वेळा खेळलेले. रोह्यात आजही त्या संघातल्या उजव्या कोपऱ्याचं नाव आधी निघतं, मामाचं नंतर. पकडी उजव्याच्या जास्त, असं सगळे सांगतात. लहानपणी मलाही ते दिसत होतं आणि मनातून खुपत होतं. मी त्यांना सरळच विचारलं, की दोघांत चांगला कोण? त्यांनी मूर्तीच्या डोळ्यावरची कुंचली उचलली, पाण्यात बुडवली आणि म्हणाले, "तुझ्या मामाच्या बाजूला मी तीन हिवाळे गेलोच नाही." मी म्हटलं, म्हणजे? ते म्हणाले, "पहिल्या वर्षी एकदा गेलो. तो झोपल्यासारखा उभा असायचा, टाच जराशी उचललेली. मला वाटलं, याचं लक्ष नाही. पाय टाकला. त्याने घोटा धरला आणि ओढला नाही. नुसता धरून ठेवला, बाकीचे येईपर्यंत. सुटायला काही जागाच नाही. त्यानंतर माझा पाय त्या बाजूला वळेचना. मग जायचं कुठे? उजवीकडे. तिथे त्या दुसऱ्याने मला धरला. माझ्यासारखे सगळेच उजवीकडे जायचे. त्याच्या पकडी वाढल्या."

मी कारखान्यात, शाडूच्या वासात, बराच वेळ बसून राहिलो. साठ वर्षांचा झालो तरी मी मामाच्या पकडी मोजत होतो, आणि त्या कमी का होत्या ते आत्ता समजत होतं. लोक त्याच्याकडे यायचेच बंद झाले होते. उजव्याच्या नावावरच्या निम्म्या पकडींत मामाची ती उचललेली टाच होती. उजवा कोपराही मोठाच खेळाडू, त्याचं श्रेय त्याला. पण एकाचं मोठेपण गुणांत दिसत होतं आणि दुसऱ्याचं चढाईवाल्यांनी बदललेल्या वाटेत. निघताना मी विचारलं, आताच्या मुलांचं काय? कारखान्यात काम चालू असताना टीव्हीवर प्रो कबड्डी लागलेली असते. ते म्हणाले, "तो इराणी पोरगा आहे ना डावीकडचा, त्याच्याही बाजूला मी गेलो नसतो." मी म्हटलं, पण तुम्ही मॅटवर कधी खेळलाच नाहीत. ते म्हणाले, "पायाला कळतं."

इतक्या वर्षांत दोन काळांची मला पटलेली तुलना ही एवढीच. एकाच माणसाचा पाय पन्नास वर्षांच्या अंतराने दोघांसमोर सारखाच थबकला.

९. तेव्हापासून मी गुणपत्रिकेच्या समासात एक छोटं मैदान काढतो. अधिकृत कागद वेगळा, त्याला मी हात लावत नाही. हे माझ्या स्वतःच्या वहीत. प्रत्येक चढाई जिथवर पोहोचली तिथे एक ठिपका. सामना संपेपर्यंत मैदानभर ठिपके होतात. कुठे गर्दी, कुठे विरळ. सुरुवातीला हात वेळेत चालत नव्हता, चढाई संपून दुसरी सुरू व्हायची. आता जमतं. हे काही शास्त्र नाही, आणि यातून कोणाला क्रमांक देता येणार नाही. चढाईवाले एका बाजूला जात नाहीत याची कारणं दहा असू शकतात. समोरच्याचा उजवा कोपरा दुखावलेला असेल, म्हणून सगळे तिकडेच गेले असतील. पण टेबलावर बसून इतकी वर्षं मी जे पाहत नव्हतो, ते पाहायची सवय लागली. आता एखादा कोपरा सबंध सामन्यात एकही पकड न करता बाहेर पडतो, तेव्हा मी त्याला वाया गेला असं म्हणत नाही. आधी समास बघतो.

गेल्या हिवाळ्यात रोह्याजवळच्या एका गावात मुलींचे सामने होते. मामेबहीण माझ्याबरोबर आली होती. शेवटच्या सामन्यानंतर गुणांची बेरीज करून, सह्या घेऊन मी तिच्यापाशी आलो तेव्हा ती लोकांनी उचललेल्या सतरंजीच्या टोकावर बसून घरून आणलेल्या शेंगा सोलत होती. जिंकलेल्या संघाच्या एका चढाईवालीला सामन्याची सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून चषक मिळाला होता आणि तिच्याभोवती फोटोंची गर्दी होती. बहिणीने माझ्या हातातली वही घेतली, हॅलोजनच्या उजेडात धरली आणि समासातलं चित्र पाहिलं. उजवीकडे, मधे, निदान रेषेच्या पुढेमागे ठिपकेच ठिपके. डावा कोपरा जवळजवळ कोरा.

तिने त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं, चषकाभोवतीच्या गर्दीकडे एकदा पाहिलं, मग गर्दीच्या बाहेर बूट सोडत बसलेल्या मुलींकडे.

"दादा," ती म्हणाली, "डाव्या कोपऱ्यावर कोण होतं?"